हा भाग नेमका कशासाठी? : जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या बहुतेक प्रश्नांची गोष्ट एकच आहे. गाडीत एखादा भाग दिसतो, तो कशाचा हे कळत नाही, आणि कुणीतरी तो काढून टाकायचा सल्ला दिलेला असतो. असा भाग ओळखायचा तर त्याचा आकार बाजूला ठेवा आणि त्याला काय जोडले आहे ते बघा. नळी, वायर किंवा दांडी दोन्ही टोकांपर्यंत हाताने शोधत जा. फोटो पाठवायचा असेल तर भाग जागेवर असतानाचा पाठवा, काढून टेबलावर ठेवलेला नको. अंगावरचा आकडाही कळवा, पण तो ठोकून उमटवलेला आहे की ओतकामात उठून आलेला आहे हे आवर्जून लिहा. उठावाचा आकडा ओतकामाचा असतो आणि एकाच ओतकामातून दोन-तीन वेगवेगळे भाग तयार होतात, त्यामुळे त्या आकड्यावर सुटा भाग मागवला तर चुकीचा भाग हातात पडू शकतो.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे उंच बॉनेटची जुनी जीप आहे, सीजे-३बी, पेट्रोलवरचे हरिकेन इंजिन. पेट्रोल पंपाला चार नळ्या आहेत. दोन पेट्रोलच्या आहेत हे कळले. उरलेल्यांपैकी एक इंटेक मॅनिफोल्डला (सिलेंडरमध्ये हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्याला) जाते, दुसरी वर काचेकडे. मेकॅनिक म्हणतो की या दोन्ही बिनकामाच्या आहेत, ठोकून बंद करू. गाडी निळा धूरही सोडते, त्यासाठी पिस्टनच्या रिंगा बदलायला सांगितल्या आहेत. काय करावे?

उत्तर: रिंगांना हात लावण्याआधी हा पंप तपासा. तुमचा धूर तिथूनच येत असण्याची बरीच शक्यता आहे.

हा दुहेरी पंप आहे. एका लिव्हरवर दोन डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदे, चालतात. एक डायफ्राम टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा फक्त हवा ओढतो, आणि ही दुसरी बाजू व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरसाठी आहे. असा वायपर मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. इंजिन स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, चालू असताना ही ओढ १८ ते २० इंच पाऱ्याइतकी असते. पाय दाबून थ्रॉटल पूर्ण उघडले की ती जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे भर पावसात घाट चढताना, काच सर्वांत स्वच्छ हवी तेव्हाच वायपरची पाती रेंगाळतात किंवा थांबतात. ही तूट भरून काढण्यासाठी पंपाची दुसरी बाजू वायपरमधली हवा ओढून मॅनिफोल्डमध्ये सोडते.

आता धुराकडे येऊ. व्हॅक्यूम बाजूच्या डायफ्रामच्या मागे इंजिनच्या चेंबरमधली (क्रँक आणि तेल असलेल्या खालच्या पेटीतली) तेलकट हवा असते. डायफ्राम फाटला की मॅनिफोल्ड ते तेल थेट ओढून घेते आणि ते चारही सिलेंडरमध्ये जळते. धूर रिंगांच्या धुरासारखाच निळा, तेलाचा खप तसाच वाढलेला, प्लग तसेच ओले. फरक इतकाच की या दोषात स्लोवर आणि उतारावर, म्हणजे ओढ जास्त असताना, धूर वाढतो. खराब व्हॉल्व्ह गाइडही उतारावर धूर काढतात, म्हणून केवळ लक्षणावर निर्णय घेऊ नका. पुढची तपासणी करा.

इंजिन थंड असताना मॅनिफोल्डकडे जाणारी नळी दोन्ही टोकांनी सोडा आणि आत पांढऱ्या कापडाची वात घाला. पुसट डाग पडला तर काळजी नको. कापड तेलाने भिजून आले तर डायफ्राम गेला आहे. मॅनिफोल्डचे भोक त्याच आट्यांच्या पितळी प्लगने बंद करा. रबरी बूच लावू नका, उष्णतेने ते मऊ पडते आणि आत ओढले जाऊ शकते. पंपाकडची दोन्ही तोंडे एकमेकांना रबरी नळीच्या तुकड्याने जोडा, म्हणजे तो डायफ्राम बंद जागेत धडपडत राहणार नाही. मग १५-२० किलोमीटर गाडी चालवा, कारण मॅनिफोल्डमध्ये आधीच साठलेले तेल जळून जायला तेवढे अंतर लागते. त्यानंतर धूर गेला तर रिंगांचा खर्च वाचला. राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलेंडरमध्ये मिळून १० पीएसआयपेक्षा जास्त फरक नसावा.

दुरुस्तीसाठी दोन्ही डायफ्रामचे किट मिळते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या साठ्यातला रबरी कापडाचा डायफ्राम त्यात फुगतो, म्हणून किट इथेनॉलला टिकणारे आहे का ते विचारूनच घ्या. पंप खोलण्याआधी सगळ्या भागांवरून कानसीने एक आडवी खूण करा, नाहीतर तोंडांची दिशा चुकते. जोडताना स्क्रू आधी नुसते बोटाने टेकवा. मग पंपाची लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि तशीच धरून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळा. लिव्हर न दाबता आवळले तर डायफ्राम ताणलेला बसतो आणि पहिल्याच काही महिन्यांत कडेने फाटतो. किट नवे घालूनही पंप टिकत नाही, अशी तक्रार येते तिचे कारण बहुतेक हेच असते.

पेट्रोलच्या बाजूचा डायफ्राम फाटला तर मामला गंभीर होतो. पेट्रोल चेंबरमध्ये उतरते, तेल पातळ होते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका. आधी पंप, मग नवे तेल, त्यानंतरच स्टार्टर.

पंपाला हाताने पेट्रोल भरायची छोटी लिव्हरही असते. ती कधी कधी सैल, बिनकामाची वाटते. कॅमचा उंचवटा पंपाच्या लिव्हरवर येऊन थांबलेला असतो म्हणून तसे होते. हँडलने इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा, लिव्हर लागू पडेल.

प्रश्न (पुणे): जुन्या अँबॅसडरला बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला आहे. इंजिनच्या मागच्या पत्र्यावर काळ्या झाकणाचा डबा आहे, त्याला सगळे ‘कटआउट’ म्हणतात. तो आता काढून टाकला तर चालेल का?

उत्तर: आतले काम आता संपले आहे, पण डबा नुसता उपटला तर दिवे, हॉर्न आणि इग्निशन सगळे बंद पडेल. या डब्यात दोन कॉइल असतात. एक कटआउट, म्हणजे डायनॅमोचा दाब (व्होल्टेज) बॅटरीपेक्षा वाढला की जोडणारा आणि कमी झाला की तोडणारा स्विच. दुसरी कॉइल डायनॅमोचा दाब आवरणारा रेग्युलेटर. खाली पाच टर्मिनल असतात: ए, ए-१, एफ, डी आणि ई. बॅटरीचा करंट ‘ए’ला येतो, डब्यातल्या जाड तारेतून ‘ए-१’ला जातो आणि तिथून गाडीभर पसरतो. म्हणून डबा काढताना ‘ए’ आणि ‘ए-१’च्या वायरी एकमेकींना पक्क्या जोडाव्या लागतात.

बॅटरीची अर्थ वायर आधी सोडा. गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, हे बॅटरीची कोणती वायर बॉडीला बोल्ट केली आहे त्यावरून पक्के करा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्या बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतात, आणि त्यावर आजचा अल्टरनेटर जोडला की त्याचे डायोड त्याच क्षणी उडतात. अल्टरनेटरची मुख्य वायर जुन्या डायनॅमोच्या वायरीतून नेऊ नका. लुकासचा सी-४० डायनॅमो साधारण २२ अँपियरचा, तर अल्टरनेटर ३५ किंवा त्याहून जास्त देतो. ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवर आणा. डॅशवर अँपमीटर असेल तर अशा जोडणीनंतर तो चार्जिंग दाखवणार नाही, फक्त दिव्यांचा खर्च दाखवेल. हा बिघाड नाही.

डॅशवरच्या लाल दिव्याची बारीक वायर डब्याच्या ‘डी’वर असते. ती अल्टरनेटरच्या ‘एल’ किंवा ‘डी+’ला द्या. तो बल्ब तारेचाच ठेवा. अल्टरनेटर जागा होण्यासाठी लागणारा सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो, एलईडी घातला तर अनेकदा चार्जिंग सुरूच होत नाही.

डबा मात्र जागेवर राहू द्यावा असे आमचे मत आहे. आतल्या कॉइलच्या जागी ‘ए’ आणि ‘ए-१’ जाड वायरीने जोडून तोच डबा जंक्शन म्हणून वापरा. जुने वायरिंग तुटत नाही आणि उद्या कुणाला डायनॅमो परत बसवायचा झाला तर वाट मोकळी राहते.

डायनॅमो अजून गाडीत आहे अशांनी अल्टरनेटर विकत घेण्यापूर्वी पाच मिनिटांची ही चाचणी करावी. डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढा, त्याची ‘डी’ आणि ‘एफ’ टर्मिनल उघड्या तारेच्या तुकड्याने जोडा. व्होल्टमीटरचे एक टोक त्या तारेला, दुसरे बॉडीला. इंजिन स्लोवरून हळूहळू मिनिटाला साधारण १००० फेऱ्यांपर्यंत न्या. आकडा न डगमगता झपाट्याने चढला तर डायनॅमो ठीक आहे, दोष कटआउट किंवा वायरिंगमध्ये शोधा. २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नका आणि रेस मारू नका. आकडा शून्यच राहिला तर कार्बन ब्रश बघा. अर्धा-एक व्होल्टवर थांबला तर दोष फील्ड कॉइलमध्ये (स्थिर गुंडाळीत), चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचरमध्ये (फिरत्या गुंडाळीत).

डायनॅमो दुरुस्त होऊन आला किंवा बरेच महिने पडून होता, तर त्याची पोलॅरिटी बसवून घ्या. वायरी जोडण्याआधी बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर डायनॅमोच्या ‘एफ’ला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. डायनॅमोची ‘एफ’ वायर कटआउटला जोडलेली असताना हे कधीही करू नका, आतले पॉइंट चिकटू शकतात.

प्रश्न (कोल्हापूर): डायनॅमोच्या अंगावर अंगठ्याएवढी चंदेरी डबी स्क्रूने बसवली आहे, तिला एकच वायर आहे. पॉइंटच्या कंडेन्सरसारखी दिसते. जादाचा कंडेन्सर कशाला?

उत्तर: रेडिओतली खरखर थांबवायला. आत साधारण १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे पॉइंटचा, जवळपास ०.२ मायक्रोफॅरडचा असतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरता येत नाही. रेडिओ नसेल तर काढला तरी चालेल. ठेवणार असाल तर एकच गोष्ट तपासा: त्याची वायर डायनॅमोच्या जाड ‘डी’ टर्मिनलवर हवी. ती चुकून ‘एफ’वर गेली तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. इग्निशन कॉइलवर अशी डबी असेल तर तिची वायर इग्निशन स्विचकडून येणाऱ्या टर्मिनलवर हवी. डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर असेल तर ठिणगी कमजोर पडते आणि इंजिन मिस करते.

प्रश्न (मडगाव): मॉरिस मायनरच्या एस.यू. कार्ब्युरेटरला बाजूने खालून एक बारीक पिन आहे. बोटाने वर ढकलली की जाते, सोडली की स्प्रिंगने खाली येते. तिला ना वायर, ना दांडी. काही तुटून पडले आहे का?

उत्तर: काहीही तुटलेले नाही. ती तपासणीची पिन आहे आणि मिक्स्चर (हवा-पेट्रोलचे मिश्रण) बघण्याचे याहून सोपे साधन कुठल्याच कार्ब्युरेटरला नाही.

पिन वर ढकलताना आधी थोडी मोकळी जाते, मग काहीतरी टेकल्याचे बोटाला कळते. तो कार्ब्युरेटरच्या आतला पिस्टन. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, स्लोवर असताना, टेकल्यानंतर पिन फक्त ०.८ मिलिमीटर आणखी उचला. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, आहे. वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद झाले तर पातळ आहे. क्षणभर किंचित वाढून पूर्वपदावर आला तर बरोबर आहे. खालचा जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचा) नट वर फिरवला की मिक्स्चर पातळ होते, खाली आणला की जाड. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा, दर वेळी पिनने पुन्हा बघा. पिन जास्त उचलली तर कुठलेही मिक्स्चर पातळच वाटेल, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो.

याच पिनने दुसरी तपासणी इंजिन बंद ठेवून करायची. वरची टोपी आणि तिच्या दांड्याचा डँपर (पिस्टनची हालचाल तेलाने मंद करणारा भाग) काढून ठेवा, पिस्टन पिनने पूर्ण उचला आणि सोडा. धातूवर धातू आपटल्याचा स्पष्ट ‘टक्’ आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर घंटेच्या आकाराचे वरचे झाकण काढून ते आणि पिस्टन पेट्रोलने धुवा आणि कोरडे पुसा. पॉलिश पेपर लावू नका. त्या दोघांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते, दुसऱ्या कार्ब्युरेटरचे झाकण बसवू नका. तेल फक्त मधल्या दांड्याला, दोन थेंब.

डँपरसाठी एस.ए.ई. २० तेल घाला. दांडा हळूच खाली सोडताना टोपी बसायला साधारण ६ मिलिमीटर उरले असता हाताला विरोध जाणवला तर तेल पुरेसे आहे. तेल संपलेले असेल तर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी आचके देते, आणि मग लोक कारण नसताना जेट फिरवत बसतात.

प्रश्न (बेंगळुरू): स्टँडर्ड हेराल्ड घेतली आहे. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, एकेक छोटा षटकोनी बोल्ट आहे. तो काही आवळून धरत नाही. गॅरेजमध्ये तिथे निपल (ग्रीस गन जोडायचे तोंड) लावून ग्रीस भरून दिले. योग्य आहे का?

उत्तर: जागा बरोबर, वंगण चुकीचे. या अंकातल्या सगळ्या उत्तरांत हे उत्तर सर्वांत आधी अमलात आणा, कारण इथला निष्काळजीपणा चाक मोडण्यापर्यंत जातो.

मद्रासमध्ये तयार झालेल्या हेराल्डची पुढची मांडणी ब्रिटनच्या ट्रायंफ हेराल्डचीच आहे. चाकाचा उभा पोलादी दांडा खाली आट्यांचा असतो आणि तो ब्राँझच्या एका भागात, ट्रनियनमध्ये, फिरतो. स्टिअरिंग वळवताना सगळी हालचाल या आट्यांमध्ये होते. तो षटकोनी बोल्ट म्हणजे वंगण भरायच्या भोकाचे बूच. तिथे हायपॉइड ई.पी. ९० गिअर तेल भरायचे असते. ग्रीस भोकाजवळच साचते, आट्यांत नीट पसरत नाही. वरून पाणी उतरते, आटे गंजतात, दांडा ट्रनियनमध्ये जड फिरू लागतो आणि पोलादाला पीळ बसत राहतो. शेवटी दांडा आट्यांपाशी तुटतो आणि चाक आडवे पडते. बऱ्याचदा हे गाडी लावताना, अगदी कमी वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवताना घडते. वेगात घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्या गाडीत ग्रीस गेलेच आहे, म्हणून दोन्ही ट्रनियन खोलून तपासणेच योग्य. डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग एकमेकांच्या जागी बसत नाहीत, काढताना खूण करून वेगळे ठेवा. दांड्याचे आटे रॉकेलने धुऊन भिंगाखाली बघा. गंजाचे खड्डे किंवा आट्यांच्या मुळाशी केसाएवढी भेग दिसली तर दांडा बदला. त्यावर वेल्डिंग करू नका. रबरी सील नवे घाला, पाणी अडवण्याचे काम तेच करते.

पुढची देखभाल दर १०,००० किलोमीटरला, आणि कोकणात किंवा किनारपट्टीवर गाडी फिरत असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर. पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँड लावा. बूच काढून निपल बसवा. स्वच्छ धुतलेल्या, ग्रीसचा अंशही नसलेल्या गनमध्ये ई.पी. ९० भरा आणि वरच्या सीलपाशी नवे तेल बाहेर दिसेपर्यंत दाबत राहा. त्या दरम्यान कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तेल घुसतच नसेल तर आत जुने ग्रीस सुकून बसले आहे, म्हणजे खोलणे आले. शेवटी निपल काढून बूच परत लावा.

प्रश्न (नागपूर): अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनच्या बाजूने एक नळी खाली येऊन हवेतच संपते. टोक तिरपे कापलेले आहे, तिथून तेलाचे थेंब पडतात. काहीतरी तुटले असावे असे समजून बूच मारले, तर आता क्लच घसरतो. संबंध आहे का?

उत्तर: थेट संबंध आहे. टॅपेटच्या बाजूच्या झाकणातून येणारी ती चेंबरची श्वासनळी आहे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली उतरतो, त्याला बाहेर जायची ही वाट. तिरपे टोक मागच्या बाजूला तोंड करून असते, म्हणजे गाडी वेगात असताना बाहेरची हवा वायू ओढून घेते. तुम्ही बूच मारल्यावर चेंबरमध्ये दाब साठला. या इंजिनला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, तेल परत फिरवणारे नुसते आटे आहेत. दाब वाढला की तेल तिथून निसटते आणि क्लच प्लेटवर येते.

बूच काढा. नळी सोडून रॉकेलने आतून धुवा, आतला काजळीचा थर तारेने काढा. तेल भरायच्या टोपीत तारेची जाळी असेल तर तीही धुवा, हवा आत येण्याची वाट ती आहे. मग इंजिन स्लोवर ठेवून टोपी उघडा. हलकी वाफ दिसली तर हरकत नाही. इंजिनच्या ठोक्याबरोबर धुराचे फुत्कार येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. क्लच प्लेट तेलाने भिजली असेल तर पेट्रोलने धुऊन परत वापरू नका, अस्तरात मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते. प्लेट बदला, आणि त्याआधी दोन आठवडे नळी उघडी ठेवून गाडी चालवा, म्हणजे मागून होणारी गळती थांबली की नाही ते नवी प्लेट घालण्यापूर्वीच कळेल.